बांध वाटता येत नाही

गोव्यातील खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहून सखल असलेली खाडीकाठची भातशेती. मातीचा बांध आणि मानशीची लाकडी झडप यांच्या जोरावर ती पिकते. भरतीला झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. एका जागी बांध फुटला, की साऱ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते.

म्हणूनच पूर्वी बरीच खाजने कोणा एकाची नव्हती. ती गावकारीची, म्हणजे कोमुनिदादची होती. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत तिच्या चालीरीती नोंदवल्या. संस्था त्याहून जुनी. शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात. त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी होई.

परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना माझी लेखणी अडखळते. तिचा वाटा वंशपरंपरेने गावकर घराण्यांतील पुरुषांना मिळे. माझे पणजोबा कूळ. त्यांच्या वाट्याला चिखल. १९६४ च्या कूळकायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने आम्हांला हक्क दिला. तो नसता, तर घरातली पहिली कॉलेजकन्या म्हणून मी या अंकात लिहीत नसते.

हक्क घरोघर वाटला गेला. बांध मात्र वाटता येत नाही. त्याची जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली. आमच्या संघाच्या सभेत खुर्च्या रिकाम्या राहतात. दोन वर्षांपूर्वी बांधाला भगदाड पडले. आज आमच्या शेतात भाताऐवजी खारफुटी उभी आहे. ‘ते काम संघाचे’ म्हणणाऱ्यांत मीही होते.

जुनी विषमता परत नको. पण ज्याचे शेत त्याचाच बांध, ही जुनी शिस्त हवी. यंदाच्या सभेला आजोबांबरोबर मीही जाणार आहे.