सण मागून मोजायचा

पोरी, नव्या घरात भिंतीवर कालनिर्णय टांगलंस ते बरं केलंस. आता ते मागून वाचायला शीक. सणाच्या चौकटीवर बोट ठेवायचं आणि एकेक महिना मागं यायचं. दसऱ्याला दाराला झेंडू हवा, तर बी कधी पडायला पाहिजे? चंपाषष्ठीला भरताचं वांगं हवं, तर रोप कधी लावलेलं असेल? बाजारात सगळं मिळतं, ठाऊक आहे मला. पूल ओलांडला की पिंपरीची मंडई. पण तू परवा म्हणालीस ना, की सण आला की नुसती धावपळ होते आणि मनाला काही लागत नाही, त्यावर माझ्याकडं हा एकच उपाय आहे. तोही माझा नाही, आत्याबाईंचा.

मी १९७४ साली लग्न होऊन काळेवाडीत आले. कालनिर्णय आदल्याच वर्षी निघालेलं, आमच्या घरात ते यायला अजून वेळ होता. आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या पणजीला, अक्षरओळख नव्हती. त्या चंद्र बघून मोजायच्या. पवनेच्या या काठाला आपलं वावर होतं आणि तुझे आजेसासरे पलीकडं पिंपरीला कंपनीत पाळीनं कामाला जायचे. घरात जेवणाची वेळ भोंग्यावर ठरायची आणि पेरणीची चंद्रावर. पुढं वावर गेलं. त्याचे गुंठे झाले, मग अर्धे गुंठे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्याच्या अर्ध्यात साताऱ्याची, लातूरची, जळगावची माणसं घर बांधून राहिली. पण आत्याबाईंचं मोजणं काही थांबलं नाही. वावरातलं त्यांनी अंगणात आणलं आणि मी अंगणातलं गच्चीवर नेलं.

झेंडूपासून सुरू कर, कारण तो कुणालाही येतो. आषाढी एकादशीला बी टाकायचं. त्या एकादशीपासून दसऱ्यापर्यंत साधारण ८८ दिवस असतात आणि झेंडूला बियापासून भर फुलावर यायला तेवढेच लागतात. पसरट ट्रेमध्ये बी पेरायचं, वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती. चारपाच पानं आली, साधारण महिन्याभरानं, की एका बादलीत एकच रोप. नारळी पौर्णिमेच्या आसपास रोपानं जीव धरला की वरचा शेंडा खुडायचा. हात थरथरेल तुझा, पण खूड. शेंडा गेला की खालून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी दहा येतात. गणपती बसल्यावर मात्र खुडायचं नाही, मग फुलं दसऱ्याच्या पुढं जातात.

यात एक खोच आहे, ती मला फार उशिरा कळली. २०२३ साली श्रावण अधिक आला होता. मी नेहमीसारखं एकादशीला बी टाकलं. झाडं गणपतीतच फुलांनी लवली आणि दसरा आला तेव्हा थकून गेली होती. आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, चंद्र एक महिना जास्त चालला, तू का नाही थांबलीस? तेव्हा आषाढ आणि अश्विन यांच्या मध्ये अधिक महिना येतोय का, हे आधी बघायचं. येत असेल तर बी महिनाभर उशिरा.

घरच्या झेंडूची माळ दाराला तर लागतेच, पण आपल्या घरात पहिली माळ कंपनीत जायची. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची आणि तुझे आजेसासरे आपल्या लेथला स्वतःच्या गच्चीवरची फुलं घालायचे. आदल्या रात्री आम्ही दोघं ओवत बसायचो. सुईला थोडं तेल लाव, झेंडूचा चीक दोऱ्याला धरत नाही. फूल देठातून ओवायचं, मधून ओवलं की सकाळी पाकळ्या गळतात. तुझा नवरा आता चाकणला जातो. त्याच्याबरोबरही एक माळ दे.

त्याच नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर माती, त्यात धान्य, मध्ये घट, हे तू माहेरी पाहिलेलं आहेस. आत्याबाई त्या धान्याकडं देवाचं म्हणून बघायच्या आणि शेतकरणीच्या नजरेनंही बघायच्या. पुढं रब्बीची पेरणी असते. घरात साठवलेलं बी जिवंत आहे का, हे नऊ दिवसांत घट सांगतो. त्या गहू, ज्वारी, हरभरा वेगवेगळ्या बाजूंना मोजून टाकायच्या. वीस दाण्यांतले सतरा-अठरा उगवले तर बी पेरायला ठेवायचं, दहाच उगवले तर दळायला काढायचं. दसऱ्याला तेच कोंब पुरुषमाणसं टोपीत खोवायची. तुझ्याकडं रब्बी नाही, पण मेथी, धणे, पालक, मुळा आहेत. डब्यातलं गेल्या वर्षीचं बी घटाच्या एका कडेला टाकून बघ. कोथिंबीर येत नाही म्हणून तू तक्रार करतेस, त्यात बऱ्याचदा बीच जुनं असतं. आणि धणे अख्खे टाकू नकोस. लाटण्यानं हलके दाबून दोन फाकी कर, रात्रभर भिजव, मग पेर. आठ-दहा दिवस काही दिसणार नाही, उकरून बघायचं नाही. कोथिंबीर पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांत येते, मेथी पंचवीस दिवसांत. हे दोन आकडे कालनिर्णयाच्या कोपऱ्यात लिहून ठेव.

चंपाषष्ठी आपल्या घरची मोठी, कारण आपला खंडोबा. चातुर्मासात वांगं आणि कांदा-लसूण बंद असतं ते त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं सुटतं. वांग्याचं बी नारळी पौर्णिमेला पडायला हवं. अनंत चतुर्दशी झाली की रोप बादलीत. नारळी पौर्णिमेपासून मार्गशीर्षातल्या षष्ठीपर्यंत साधारण ११० दिवस मिळतात, तेवढ्यात पहिली दोन-चार वांगी धरतात. मध्येच एखाद्या फांदीचा शेंडा मान टाकलेला दिसेल. पाणी कमी पडलं असं वाटून तू पाणी घालशील, पण आत अळी असते. सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खालून शेंडा कापून टाक, झाड वाचतं.

रोडग्याला गहू भरड दळून आण. पीठ बारीक असलं की रोडगा बाहेरून कडक आणि आतून चिकट होतो. पीठ मुठीत दाबल्यावर मूठ बांधेल एवढं तेलाचं मोहन, मीठ, ओवा, आणि पाणी बेतानं. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेव, मग लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करून तळहातावर जरा दाब. आम्ही ते गोवऱ्यांच्या इंगळात पुरायचो आणि राख झटकून तुपात बुडवायचो. तुझ्या सहाव्या मजल्यावर गोवऱ्या कुठून आणणार? एक जुना जाड कुकर भाजायच्या कामाला वेगळा काढ. तळाला दोन बोटं खडा मीठ, त्यावर रिंग, रिंगवर ताटली. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायची, हे विसरायचं नाही, आणि आत पाण्याचा थेंबही नको. दहा मिनिटं रिकामा तापव, मग रोडगे ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. शेवटी जाळीवर धरून थोडे डाग पडू दे. धुराचा वास नाही येत, ते मी कबूल करते, त्याची उणीव भाजलेल्या वांग्यानं भरून निघते. ते मीठ डब्यात भरून ठेव, भाजायलाच वापर, जेवणात नाही.

आपल्या शेजारच्या जळगावकर काकू याच कणकेची बट्टी करतात, पण आधी वाफवतात, कापतात आणि मग तुपात तळतात. त्यांच्याकडून शीक. काळेवाडीत राहण्याचा हा मोठा फायदा आहे. एका जिन्यात चार जिल्ह्यांचा स्वयंपाक असतो.

त्याच कुकरमध्ये दिवाळीची नानकटाई होते. आमच्या वेळी मैदा, साखर, तूप डब्यात भरून भट्टीवर न्यायचं. पाव काढून झाल्यावर भट्टीची जी उतरती ऊब असायची, तीत बायकांच्या नानकटाया भाजल्या जायच्या. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी रांग रस्त्यापर्यंत यायची, कारण आपल्या पट्ट्यातल्या पुष्कळ कंपन्यांना गुरुवारी सुट्टी आणि डबे उचलायला नवरे घरी. सगळ्यांचे पत्रे सारखेच दिसायचे, म्हणून मी प्रत्येक नानकटाईवर कपाटाच्या चावीचं तोंड दाबून खूण करायची. तुझ्या सासऱ्यांना अजूनही चावीच्या खुणेशिवाय नानकटाई खरी वाटत नाही. विचार त्यांना.

प्रमाण लक्षात ठेव: दोन वाट्या पीठ, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप. पिठात मी निम्मी कणीक घालते, दोन चमचे बेसन आणि एक चमचा रवाही. पाव चमचा सोडा, वेलदोडा. सगळा जीव तुपात आहे. तूप रवाळ घट्टच घ्यायचं, वितळवायचं नाही. परातीत तळहातानं साखरेबरोबर फेसत राहायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. वाटीभर पाण्यात त्याचा ठिपका टाक. तरंगला तर झालं, बुडाला तर आणखी फेस. मग पीठ घालून नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. ताटलीत लांब लांब ठेव, त्या पसरतात. मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागतील, कच्च्या राहिल्या म्हणून परत ठेवू नकोस. थंड झाल्या की कडक होतात. आणि इथंही मागून मोजायचं आहेच. दिवाळीला घरचं तूप हवं तर साय दसऱ्यापासून साठवायला घ्यायची.

आता पाण्याचं. २०१९च्या नोव्हेंबरपासून शहरात दिवसाआड पाणी येतं, त्यामुळं बाग ठेवावी की नाही असं बऱ्याच बायकांना वाटतं. ठेवावी. संक्रांतीची सुगडं पूजा झाल्यावर टाकू नकोस. बादलीतल्या मातीत, रोपापासून वीतभर अंतरावर, एक सुगड गळ्यापर्यंत पूर. त्यात पाणी भर आणि वर चपटा दगड ठेव. भाजलेल्या मातीचं भांडं पाझरतं आणि मुळांना हवं तेवढंच पाणी देतं. दोन दिवस सहज निघतात. रंगवलेलं सुगड घेऊ नकोस, ते पाझरत नाही. अक्षय्य तृतीयेचा करा थोडा मोठा असतो, तो वांग्याच्या बादलीला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडाला चालतं, पण त्याच दिवशी घाल, शिळं ठेवलं की वास मारतं.

गच्चीवर निव्वळ माती चढवू नका. वीस लिटरची रंगाची बादली ओल्या मातीनं भरली तर तीस किलोच्या आसपास जाते. उन्हाळ्यात रसवंतीवरून उसाची चिपाडं आणून वाळवायची, त्यात सुका पाला, शेणखत आणि तिसरा हिस्सा माती. भोकं बुडाला नाही, बुडापासून दोन बोटं वर, बाजूला पाडायची, म्हणजे खाली थोडं पाणी साठून राहतं. बादल्या भिंतीच्या कडेनं, स्लॅबच्या मध्यावर नाहीत. शाडूचा गणपती घरी बादलीत विरघळवलास तर ती माती कुंडीत एकदम ओतू नकोस, ती बसून घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. वाळवून ठेव, पुढच्या वर्षी मूर्तीला लागेल.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्यांना सांगायचे, की दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं नीट भागतं. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर वाच. तुमच्या वाट्याला दहा गुंठे नाहीत, आठ बादल्या आहेत. पण घरातला पाला आणि साली बाहेर न टाकता मातीत परत घालायच्या, हे त्यांचं म्हणणं आठ बादल्यांनाही लागू आहे. निर्माल्यातला दोरा आणि चमकी काढून फुलं तिथंच घाल.

तुझी सुट्टी शनिवार-रविवार, नवऱ्याची गुरुवार. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माती उपसणं, बादल्या हलवणं, चिपाडं आणणं हे गुरुवारी तो करेल, पेरणं आणि भाजणं शनिवारी तू कर. मग रविवारी तो घरी आला की दोघं मिळून भाजलेलं खा.

बी मात्र विकतच्या पाकिटातलं दरवर्षी घ्यायला लागू नये. संकरित बियांची झाडं दुसऱ्या वर्षी मूळ झाडासारखी निघत नाहीत, म्हणून गावठी बी सांभाळ. माझ्याकडं आहे. झेंडूचं बी गेल्या दसऱ्याच्या माळेतलं, सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, बरोबर कडुनिंबाची चार पानं. एकादशीच्या आधी येऊन घेऊन जा, येताना रिकाम्या कागदी पुड्या आण, प्लास्टिकच्या नकोत. वांग्याचं अजून झाडावर आहे. ते फळ मी पिवळं होऊ दिलंय, कुणी भाजीला तोडू नये म्हणून देठाला लाल दोरा बांधलाय.