प्रवाळाचा खडक आणि हरभऱ्याची मूळगाठ

हरभऱ्याचे रोप उपटून मुळावरील गाठी आपण पाहिल्याच असतील. गाठीतील जिवाणू हवेतील नत्र पिकास देतात, पीक त्यांना साखर पुरविते. असाच व्यवहार मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर चालतो. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

तेथील पोराइटीस गटातील प्रवाळ दिसावयास निव्वळ गोटा वाटते. प्रत्यक्षात ती बाजरीच्या दाण्याहून लहान अशा हजारो जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीव पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती वाटी बांधतो. वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर; म्हणजे हातभर उंचीच्या गोट्याचे वय आपल्या आजोबांच्या वयाइतके असू शकते. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करून बहुतांश यजमानास देते. म्हणूनच प्रवाळास उथळ, उबदार, खारे आणि उजेड पोहोचणारे पाणी लागते.

पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी अधिक तापले व तसेच काही आठवडे राहिले, तरी शेवाळ बाहेर टाकले जाते व गोटा पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवल्यास सावरतो, अन्यथा उपासमार होते. १९९८ व २०१६ मध्ये जगभर असे घडले.

दुसरा शत्रू गाळ. पोराइटीस अंगावर चिकट पापुद्रा धरून तो गाळासकट टाकून देते, म्हणून मालवणच्या गढूळ पाण्यातही टिकते. पण थर जाड बसला की उपाय नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, चोपड्याची माती तिथे जाते का?" नाही. आपली तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते आणि बराच गाळ उकाई धरणातच बसतो. खंबायतच्या आखातात मुळातच एवढा गाळ की तेथे प्रवाळाचे खडक उभे राहत नाहीत. कोकणात मात्र डोंगरउतारावरील माती थोड्याच अंतरात खाडीत उतरते. तेथील बागाईतदाराने उताराला आडवे बांध घातले, तर त्याची माती वाचते व खालचा खडकही. (अंगठीतले तांबडे पोवळे निराळे, ते असे खडक बांधत नाही.)

सहलीस गेल्यास ओहोटीच्या वेळी गोट्यांवर पाय देऊ नये, नावाड्यास नांगर वाळूत टाकण्यास सांगावे. तुकडाही उचलू नये. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाइतकेच, संरक्षण आहे.