जीपच्या पुढच्या ॲक्सलची तेलगळती

आपल्या वार्षिकात दरवर्षी संतवाङ्मयावर, ग्रामीण कथेवर किंवा एखाद्या गडाच्या सहलीवर लेख असतात. त्यांच्या पंगतीत हा लेख जरा तेलकट वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत मी मनापासून अभ्यास कशाचा केला असेल, तर तो एका जुन्या जीपच्या गळतीचा. म्हणून त्यावरच लिहीत आहे.

खोपटला एस. टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर माझ्या वडिलांचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. तिच्यात दोन गाड्या मावतात, तिसरी आली की रस्त्यावर उभी राहते. बाबा सातवीपर्यंत शिकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी आठवीत असल्यापासून गॅरेजची वही माझ्याकडे आहे. तारीख, गाडी, मीटरचा आकडा, काम आणि पैसे असे पाच रकाने तिच्यात असतात. मी नसले की बाबा स्वतः लिहितात, आणि मग रकान्याबाहेरचेही पुष्कळ काही लिहितात. ही त्यांची सवय पुढे कामाला आली.

जीप कोलबाडला राहणाऱ्या एका काकांची आहे. ते मूळचे ओतूरकडचे, गावी आई आणि थोडी शेती. गाडी १९८०च्या दशकातली, पण तिच्या पुढच्या ॲक्सलची घडण त्याहून पुष्कळ जुनी. विलीजची जीप १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी तयार होऊ लागली. १९४५ साली लुधियानात सुरू झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि तिने विलीजच्या जीपगाड्या सुटे भाग आणून मुंबईत जोडायला घेतल्या. पुढे सर्व भाग इथेच होऊ लागले तरी ॲक्सलची मूळ रचना कितीतरी वर्षे तीच राहिली. बाबांचे तर म्हणणे असे की, युद्धातला मिस्त्री आज उठून खोपटला आला तरी पाना घेऊन थेट कामाला लागेल.

आता ही रचना समजून घेऊ. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा फुगीर डबा असतो, तो डिफरन्शियल. त्यात ९० नंबरचे दाट तेल असते. डब्याच्या दोन्ही अंगांना नळ्या आणि नळ्यांतून चाकांकडे जाणारे शाफ्ट. पुढची चाके वळतात, म्हणून प्रत्येक नळीच्या टोकाला एक पोकळ गोळा असतो आणि त्या गोळ्याभोवती नकल नावाचे घर फिरते. गोळ्याच्या पोटात शाफ्टचा सांधा असतो, त्याला ग्रीस लागते. म्हणजे एकाच ॲक्सलमध्ये शेजारी शेजारी दोन खोल्या झाल्या, एकीत तेल आणि दुसरीत ग्रीस. दोहोंमधला दरवाजा म्हणजे नळीच्या आतल्या तोंडाशी, डिफरन्शियलच्या बाजूला बसवलेले ऑइल सील. बाहेरून गोळ्यावर नमद्याची व रबराची कडी असते. गोळा पुसणे आणि धूळ अडवणे एवढेच तिचे काम.

बहुतेकांची चूक इथेच होते. गळती दिसते नमद्यापाशी, म्हणून नमदा बदलतात. तेवढे काम अर्ध्या दिवसात होते. पण नमद्यातून पातळ तेल येत असेल, तर ते आतले सील ओलांडून आलेले असते. हे ओळखायला सोपे आहे. नकलचा प्लग उघडावा. आतून घट्ट ग्रीस निघाले तर दोष नमद्याचा. सळसळीत, गंधकासारखा वास येणारे तेल ओघळले आणि डिफरन्शियलमधली पातळी उतरलेली दिसली, तर दोष आतल्या सीलचा. मात्र ते सील बदलायचे तर चाके, नकल, शाफ्ट आणि अखेर डिफरन्शियलसुद्धा उतरवावे लागते. दोन दिवस मोडतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ही जीप पहिल्यांदा आली. उजव्या नकलमधून तेल गळत होते. बाबांनी काम अर्धवट केले नाही. डिफरन्शियल काढून दोन्ही आतली सील बदलली, नमदेही नवे घातले. काम झाल्यावर ॲक्सल घासूनपुसून त्याला काळा रंग दिला. तो रंग मी दिला. बारावीचे वर्ष होते, अभ्यासाचा कंटाळा आला की मी ब्रश घेऊन खाली बसत असे.

संक्रांतीनंतर, जानेवारी २०२४ मध्ये, जीप पुन्हा आली. उजवीकडून तेच. नमदा हलका निघाला असेल असे समजून बाबांनी दुसरा घातला. जुलैमध्ये तिसऱ्यांदा आली, तेव्हा पुन्हा सगळे उतरवले. ऑपेरा हाऊसच्या बाजारातून चांगल्या प्रतीचे सील आणले, आणि वहीत पैशाच्या रकान्यात बाबांनी स्वतःच्या अक्षरात “नाही” असे लिहिले. त्या रात्री ते जेवताना काही बोलले नाहीत. आमच्या ओळीतल्या एका शेजाऱ्याने “आता नजर कमी आली असेल” असे कुणाजवळ तरी म्हटले होते, ते त्यांच्या कानावर आले होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्यानंतर, काका चौथ्यांदा आले ते चेहरा उतरवूनच. ओतूरहून परतताना माळशेज घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली. एका वळणावर चाक गटाराच्या कडेशी गेले. मागच्या सीटवर त्यांची आई होती. उजवे चाक काढल्यावर कारण दिसले. नकलमधले तेल हबमधून ड्रममध्ये उतरले होते आणि ब्रेक लायनर चिंब झाले होते. तेल लागलेला ब्रेक धरत नाही. उजवा धरला नाही म्हणून डाव्याने गाडी आपल्याकडे ओढली. काकांचा मुलगा म्हणाला, “भंगारात देऊन टाकू.” काका काही बोलले नाहीत. बाबांनी चार दिवस मागून घेतले.

तेव्हा मी एफ. वाय. ला होते. इतिहासाच्या तासाला सरांनी नुकतेच सांगितले होते की, जमाखर्चाच्या वहीत लिहिणाऱ्याने सहज लिहून ठेवलेली ओळ पुष्कळदा अधिक बोलते. मी रात्री आमचीच वही उघडली. या जीपच्या नोंदी ओळीने वाचल्या. तेल-पाण्यासाठी, लाइटसाठी म्हणून ती मधूनमधूनही आली होती आणि तेव्हा पुठ्ठा कोरडा होता. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीखाली रात्री पुठ्ठा घालतात आणि सकाळी डाग पाहतात. गळतीच्या प्रत्येक नोंदीपुढे मात्र बाबांनी दोन शब्द लिहिले होते : “कांदे दिले.”

काका गावाहून आले की आमच्यासाठी पिशवीभर कांदे आणतात.

“बाबा, हे कांदे बघा.”

“कांद्याचं काय?”

“गाडी ठाण्यात फिरते तेव्हा गळत नाही. गावाहून आली की गळते.”

बाबांनी चष्मा लावला, नोंदी बोटाने दोनदा वाचल्या, आणि वही मिटून म्हणाले, “तापल्यावर.” एवढेच बोलून ते झोपायला गेले. मला काही उमगले नाही. मला वाटले, रागावले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपखाली मला बोलावले. ॲक्सलच्या वरच्या अंगाला सुपारीएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ॲक्सलच्या पोटातली हवा तापली की तिच्यातून बाहेर जाते, निवली की आत येते. या गाडीला चाके सुटी करणारे हब नाहीत, त्यामुळे मागच्या दोन चाकांवर गाडी चालत असली तरी पुढचे शाफ्ट आणि गिअर फिरतच राहतात, तेल घुसळले जाते. घाटात ब्रेकची उष्णताही नकलपर्यंत येते. शास्त्र शाखेतल्या मैत्रिणीकडून मी नंतर हिशेब करून घेतला. कोंडलेली हवा ३० अंशांवरून ७० अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. आकडा लहान वाटतो. पण सीलचा ओठ उडते तेल अडवायला केलेला असतो, मागून रेटणारी हवा अडवायला नव्हे. वाट मिळाली नाही की ती हवा तेलाला ढकलत सीलच्या ओठाखालून काढते. उलट, तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात शिरली तर हवा एकदम आक्रसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर असे झाले म्हणून समजावे.

बाबांनी टोपीवर नख मारले. काळा पापुद्रा निघाला. टोपीच्या कडेची सगळी फट रंगाने बुजली होती.

रंग मी दिला होता, हे दोघांनाही ठाऊक होते. बाबा म्हणाले, “आधी चिखलानं अर्धी बुजलेलीच असणार,” आणि तार मागितली. चिखल होता की नव्हता ते मी पाहिलेले नाही. रंग पाहिला. रंग देताना ब्रीदरवर कागद गुंडाळावा, हे या लेखातले एकमेव वाक्य आहे जे मी अनुभवाच्या जोरावर लिहू शकते.

एक प्रश्न उरत होता. दाब दोन्ही बाजूंना सारखाच, मग तेल उजवीकडूनच का? शाफ्ट बाहेर काढल्यावर उत्तर मिळाले. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे उजव्या शाफ्टवर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने बारीक चर पडली होती. नख फिरवले की अडकत होते. डावा शाफ्ट गुळगुळीत होता. शहरात फिरताना चर असूनही सील तग धरी. दाब वाढला की ती चरच तेलाची वाट होई. या दोन दोषांपैकी एकच दूर केला असता तरी काही महिने गाडी कोरडी राहिली असती, आणि आम्ही पुन्हा फसलो असतो.

अशा शाफ्टवर बसवायची पोलादी बाही मिळते, कागदासारखी पातळ. ती चरीवर ठोकून बसवली की ओठाला कोरा पृष्ठभाग मिळतो आणि मूळ मापाचेच सील चालते. वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरकडून आम्ही शाफ्ट मापून घेतला. (१९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. तिथले अनेक मोठे कारखाने बंद झाले, पण मापाचा माणूस अजून सापडतो.) सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे ठेवावी. ओठाला तेल लावावे, आणि शाफ्ट आत सारताना त्याचे दात ओठावर घासू देऊ नयेत. नव्या सीलला पहिली जखम पुष्कळदा मिस्त्रीच करतो.

किंगपिनची चालही पाहिली. चाक उचलून वरखाली हलवायचे. हलले तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. तरीही हलले तर दोष किंगपिनच्या बेअरिंगचा, थांबले तर चाकाच्या. आमच्याकडे थोडे हलत होते. एक शिम काढून ते बसवले. किंगपिन सैल असेल तर गोळा नमद्यात मधोमध राहत नाही. तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरणारे लोक आहेत. त्यात मुरलेले तेल तापल्यावर परत वर येते, म्हणून दोन्ही पुढच्या चाकांचे लायनर नवे घातले. एकाच बाजूचे बदलले तरी गाडी ओढते.

ब्रीदर काढून त्या जागी पितळी निपल लावले, त्यावर तेल सोसणारी रबरी नळी चढवली आणि ती इंजिनाच्या बाजूने बॉनेटपर्यंत वर नेऊन टोक खाली वळवले. आता तिथे चिखल पोचत नाही, पाणी पोचत नाही आणि माझा ब्रशही पोचत नाही. नळी जोडण्याआधी बाबांनी तिला तोंड लावून फुंकून पाहिले, मग मला फुंकायला लावले. ॲक्सलला या वेळी रंग दिला नाही.

काकांनी पैसे पुढे केले तेव्हा बाबांनी सामानाचे घेतले, मजुरी घेतली नाही, आणि रंगाची हकिकत स्वतःहून सांगितली. नाव माझे घेतले नाही. मीच सांगितले. काका हसले. मुलगा हसला नाही, पण भंगाराचे पुन्हा बोललाही नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये काका आईला घेऊन ओतूरला गेले आणि माळशेज उतरून थेट आमच्याकडे आले. डिफरन्शियलच्या डब्याला हात लावला तर चटका बसत होता. रात्री गाडी शेडमध्ये ठेवून घेतली. सकाळी बाबांच्याही आधी मी जाऊन पुठ्ठा ओढला. उजवीकडे कोरडा, डावीकडे कोरडा, मधल्या भागात मात्र रुपयाएवढा डाग. माझ्या छातीत धस्स झाले. बाबांनी डागाला बोट लावून वास घेतला, वर पाहिले आणि म्हणाले, “हे गिअरबॉक्सचं. ते वेगळं काम.”

वहीत मी लिहिले : “पुढचा ॲक्सल कोरडा. कांदे दिले.”