जुन्या लॅपटॉपला वेगवान पोर्ट

यूएसबीचे एक शिल्पकार अजय भट्ट हे आपल्याच म. स. विद्यापीठाचे पदवीधर. 1996 च्या यूएसबीप्रमाणेच पीसीआय एक्स्प्रेसच्या घडणीतही त्यांचा वाटा आहे. शाळेच्या जुन्या लॅपटॉपला ही दोन्ही कामे उपयोगी पडली.

लॅपटॉपला फक्त यूएसबी 2.0 चे पोर्ट. स्नेहसंमेलनाचे 40 जीबी चित्रीकरण बाहेरील डिस्कवर घ्यायला वीस-बावीस मिनिटे लागत. तो मोडीत काढावा असे ठरतच होते. पण बाजूला एक्स्प्रेसकार्डचा स्लॉट रिकामा होता, आणि तो आतून थेट पीसीआय एक्स्प्रेसला जोडलेला असतो. त्यात यूएसबी 3.0 चे कार्ड बसवले. या पोर्टचा वेग सेकंदाला 5 गिगाबिट. आमचा जुना स्लॉट 2.5 च देतो. तरी काम सात-आठ मिनिटांत होते.

पहिल्या दिवशी डिस्क सारखी बंद पडे. आम्ही कार्डाला बोल लावला, पण चूक आमचीच! स्लॉटमधून डिस्कला पुरेशी वीज मिळत नव्हती. अडॅप्टरवर चालणारा हब मध्ये जोडल्यावर ती सुरळीत चालली. विंडोज 7 असल्यास ड्रायव्हरही वेगळा टाकावा लागतो.

पालकांनी कार्ड घेण्याआधी स्लॉट नीट पाहावा. त्याहून जुन्या लॅपटॉपमध्ये पीसी कार्डचा स्लॉट असतो. दिसायला तसाच, पण त्यात एक्स्प्रेसकार्ड बसत नाही.