इंजिनला हवा वाढवून दिली, पण फायदा मोजला का?

मोपेड म्हणजे मुळात मोटर बसवलेली सायकल. 1972 मध्ये कायनेटिकची लूना आली, 1980 मध्ये होसूरहून टीव्हीएस 50 आली, आणि 50 सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनांवर आपली कित्येक मुले मिस्त्रीकाम शिकली. पेट्रोलवरची लूना बनणे केव्हाच थांबले. तरीही जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यावर जाणाऱ्या एखाद्या कामगाराची जुनी टू-स्ट्रोक गाडी दुरुस्तीला आली की घरगुती सुधारणांचा विषय निघतोच. फिल्टरच्या डब्याला भोके पाडायची, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधली नळी कानसने मोठी करायची, जेटमध्ये बारीक ड्रिल फिरवायचे. गाडीचा आवाज बदलतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देते. पण त्याने पैसे कशाचे दिले, आवाजाचे की कामाचे?

कुरआनातील 83 वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देते. ती वाचताना आपल्या डोळ्यांपुढे किराणा दुकानाचा तराजू येतो. आमच्या मते गॅरेजलाही तराजू हवा, आणि तो फार स्वस्तात तयार होतो.

आधी कान का फसतात ते पाहू. फिल्टरचा डबा धूळ अडवतो, तसाच हवा ओढण्याचा आवाजही दाबतो. डबा काढला की इंजिन गुरगुरते आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. जास्त ताकद हवी असेल तर मिश्रण याहून थोडे घट्ट, साडेबारा ते तेराच्या आसपास लागते. म्हणजे पातळ मिश्रणाने ताकद वाढत नाही, उष्णता मात्र वाढते. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलमधूनच येते, म्हणून पेट्रोल कमी पडले की ऑईलही कमी पडते आणि भर रस्त्यात पिस्टन पकडतो. आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण आधीच थोडे पातळ झालेले असते. शिवाय एमआयडीसीच्या हवेतली धूळ साधी नाही, तिच्यात लोखंडाची बारीक खपली असते. फिल्टरशिवाय ती थेट बोअरमध्ये जाते आणि रिंगा खाते. म्हणून फिल्टर काढणे ही सुधारणा आम्ही तपासणीलाही घेत नाही.

बाकीच्या तपासाव्यात, पण क्रमाने. प्रथम कार्बोरेटर धुवा, प्लग साफ करा, फिल्टर स्वच्छ करा, टायरमध्ये ठरलेली हवा भरा. हे आधीच करायचे कारण महत्त्वाचे आहे. सुधारणा करताना मिस्त्री कार्बोरेटर उघडतोच, साफ करतो, नवे गॅस्केट घालतो. गाडी सुधारते ती पुष्कळदा या सफाईने, आणि श्रेय जाते कानशीला.

मग गाडीची मूळ चाल मोजा. पेट्रोल-ऑईलचे मिश्रण सर्व चाचण्यांसाठी एकदाच तयार करून ठेवा. टाकीची नळी बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. मग खुणा असलेल्या बाटलीतून बरोबर 100 मिली द्या आणि बंद पडेपर्यंत गाडी चालवा. चालवणारा एकच, वेग एकच, आणि अर्धे अंतर जाऊन त्याच रस्त्याने परत, म्हणजे वारा व चढ दोन्हीकडून सारखे लागतात. फजरच्या नमाजनंतरची वेळ उत्तम: वारा कमी, रस्ता मोकळा. असे तीनदा करा.

समजा, तीन वेळा 5.1, 5.3 आणि 5.2 किलोमीटर आले. म्हणजे काहीही न बदलता दोन दशांशांचा फरक पडतोच. आता नळी घासल्यावर 5.3, 5.1 आणि 5.4 आले, तर फायदा झाला असे म्हणता येणार नाही. तो नेहमीचाच चढउतार आहे. 5.7, 5.8, 5.7 आले तर काहीतरी घडले. तरीही थांबू नका. जुनी नळी परत बसवा आणि पुन्हा मोजा. आकडा 5.2 वर उतरला तरच श्रेय नव्या नळीचे. 5.7 वरच राहिला तर कारण दुसरीकडे शोधा. ही उलट तपासणी करायचा सर्वांना कंटाळा येतो, पण खरी परीक्षा तीच. त्यासाठी जुना भाग कापू नये, दुसऱ्या भागावर प्रयोग करावा.

ऋतूही लक्षात घ्या. 12 अंशांच्या हवेपेक्षा 42 अंशांची हवा सुमारे साडेनऊ टक्के विरळ असते. डिसेंबरचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशी लावला तर हिशेब चुकलाच.

जेटबद्दल विशेष सांगायचे. 0.50 मि.मी.चे छिद्र 0.55 केले तर "जरासेच वाढवले" असे म्हणतात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे 21 टक्के! शिवाय हाताने फिरवलेले ड्रिल छिद्र गोल ठेवत नाही. एका पायरीने मोठा तयार जेट घ्यावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भरधाव चालवून इंजिन तिथेच बंद करून प्लग पाहावा: पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ, काजळी असेल तर घट्ट, फिकट तपकिरी असेल तर ठीक.

हे सर्व जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी. 2020 नंतरच्या बीएस-6 मोपेडमध्ये पेट्रोल इंजेक्शनने येते, तिथे जेटच नाही. आणि रस्त्यावरच्या गाडीत कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची बंधने आहेत. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड गिऱ्हाईक भरणार, म्हणून हे त्याला आधी सांगणे मिस्त्रीचे काम आहे.

बिलावर दोन्ही आकडे लिहावेत: आधी किती, नंतर किती. फरक पडला नसेल तर फक्त सफाईचे पैसे घ्यावेत आणि जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.