गाडी का तापते? व्यापाऱ्याने समजून घ्यावे असे चार भाग

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी वाहने तयार होतात. पण ज्यांचा धंदाच गाडीवर चालतो असे आपण व्यापारी सहसा बॉनेट उघडून पाहत नाही. कापडाचा पोत आपल्याला हाताने कळतो, मीटरमागे कोणी रुपया जास्त लावला तेही ध्यानात राहते. गाडीत पाणी किती आहे, हे मात्र ठाऊक नसते.

या अज्ञानाची किंमत मी मोजली आहे. रमजानचे शेवटचे दिवस होते. ईदचा माल पिकअपमध्ये भरून बारामतीहून इंदापूरला निघालो. लासुर्णे सोडल्यावर तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. 'आता थोडेच राहिले, पोहोचू' म्हणून गाडी तशीच दामटली. निमगाव केतकीच्या अलीकडे इंजिन बंद पडले. हेड गॅस्केट जळाले होते. गाडी गॅरेजमधून आली तेव्हा ईद होऊन गेली होती आणि माल तसाच गाठोड्यात होता.

इंजिनात डिझेल जळते, त्यातली साधारण एक तृतीयांश शक्तीच चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. त्यातली काही धुरावाटे जाते, काही पाण्याला बाहेर काढावी लागते. हे काम चार भाग करतात.

१) वॉटर पंप : इंजिनभोवती पाणी फिरवतो. बहुतेक गाड्यांत तो पट्ट्यावर चालतो. पट्टा सैल झाला किंवा तुटला की पाणी जागीच उकळते.

२) थर्मोस्टॅट : हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असताना बंद राहतो, पाणी सुमारे ८० ते ९० अंशांवर गेले की उघडतो. तो अडकला तर काही कारागीर काढूनच टाकतात. तसे करू देऊ नये. इंजिन थंड चालून डिझेल जास्त खाते. नवा बसवून घ्यावा.

३) रेडिएटर व पंखा : पातळ नळ्यांच्या जाळीत पाणी थंड होते. गाडी हळू चालते तेव्हा वारा लागत नाही, सारी मदार पंख्यावर असते. गळीत हंगामात जाळीत पाचट व धूळ बसते, ती साफ ठेवावी. बोअरचे जड पाणी घालू नये, त्याचा क्षार नळ्यांत साचतो. कंपनीने सांगितलेले कूलंट, त्याच प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घालावे.

४) झाकण : ते आत दाब टिकवते, म्हणून पाणी शंभर अंशांवरही लवकर उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामधली पट्टी. फार तापले की हेड वाकते व ही पट्टी फुटते. बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, ऑइल दुधी दिसणे, या तिच्या खुणा आहेत.

काटा चढू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. पाणी संपलेले असेल तर टोचन लावून न्यावी, पण चालवू नये.

रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी, ऑइलची पट्टी आणि पट्टा पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे. उंट मोकळा सोडून देणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा. गाडीतला माल अनेकदा उधारीचा, म्हणजे दुसऱ्याची अमानत असतो. तो वेळेवर पोहोचवणे ही आपलीच जबाबदारी आहे.