मोबाइलची मर्यादा : बंदी की शिस्त?

मुलांच्या हातातील मोबाइल काढून घ्यावा की त्याला वेळ नेमून द्यावी, हा प्रश्न आज अमरावती-अकोल्याच्या घराघरांत आहे. टाळेबंदीच्या काळात शाळाच मोबाइलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या, पण सवय राहिली.

यावर दोन गावांनी २०२२ साली दोन उपाय योजले. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील बांशी (ता. पुसद) येथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे मात्र सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला, ८.३० पर्यंत घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद, आणि मुले अभ्यासाला.

पहिल्या उपायात बंधन केवळ मुलांवर आहे, दुसऱ्यात थोरांवरही. हा भेद महत्त्वाचा वाटतो. माझा धाकटा भाऊ दहावीत आहे. “मोबाइल ठेव” असे बाबा म्हणतात तेव्हा त्यांच्याही हाती मोबाइलच असतो. भाऊ मग गोधडीत तोंड घालून तो पाहतो. बंदीने चोरी शिकवली, एवढेच!

म्हणून दिवेलागणीनंतरचा दीड तास साऱ्या घराने मोबाइल बाजूला ठेवावा. नियम घालणाऱ्याने तो आधी स्वतः पाळावा, हेच या पाठाचे सार.